घराण्याचे तक्ते

सुधाताई गर्गे यांच्याबद्दल ऑफिसात दोनच गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. त्यांचं अक्षर सुंदर आहे, आणि त्या डबा एकट्या खातात. तिसरी गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. ती ठाऊक होऊ नये म्हणून त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढ्यात एखाद्या बाईने दोन मुलांची लग्नं लावून दिली असती.

ऑफिस म्हणजे त्र्यंबक रोडवरच्या एका रुग्णालयाचा संशोधन विभाग. तीन खोल्या, रक्ताच्या नमुन्यांचा एक फ्रीज, दुधाचा एक फ्रीज, आणि दोन्हींवर ठसठशीत पाट्या, कारण एकदा गफलत होता होता राहिली होती. मनाचे आजार घराण्यात कसे उतरतात आणि कुणाला कुठलं औषध मानवतं, याचा तिथे अभ्यास चालतो. एकदम चढणाऱ्या आणि एकदम खचणाऱ्या मनाचा जो आजार असतो, त्यावर लिथियम नावाची जुनी, स्वस्त गोळी आहे. काहींना ती अशी लागू पडते की आजार होता हेही विसरायला होतं. काहींना अजिबात नाही. ज्या घरात एकाला मानवली, त्या घरात दुसऱ्यालाही मानवण्याचा संभव जास्त, असं दिसतं. का, ते रक्तातून शोधायचं. पण रक्ताआधी नाती कळायला हवीत, आणि तिथे सुधाताई.

बाहेरच्या माणसांना बोलतं करायचं काम सविताचं. ती घोटीकडची, तोंडाळ आणि प्रेमळ. ती पेन्सिलीने घराण्याचा कच्चा तक्ता काढून आणायची, सुधाताई तो पक्का करायच्या. पुरुष चौकोन, बाई गोल. आजारी माणूस काळा भरायचा. नाव कुठेच नाही, फक्त नंबर. नऊ वर्षांत त्यांनी सहाशेच्या वर घराणी कागदावर उतरवली होती. गोल काढायला त्या प्लास्टिकची भोकाची पट्टी वापरत. लोकांना वाटे, काय टापटीप! खरं कारण असं की त्यांचा हात किंचित थरथरायचा. तो का थरथरायचा, हीच ती तिसरी गोष्ट.

सुधाताई स्वतः एकतीस वर्षं लिथियम घेत होत्या.

हे काम त्यांना वडिलांकडून आलं म्हणायला हरकत नाही. वेणीमाधव गर्गे पंचवटीतले तीर्थोपाध्याय. खानदेश-वऱ्हाडातून यजमान यायचे, स्नान-श्राद्ध करायचे आणि जाताना आपली वंशावळ वेणीमाधवांच्या वहीत लिहून सही ठोकून जायचे. जुनी वही जीर्ण झाली की नव्या वहीत उतरवण्याचं काम सुधाकडे. दहाव्या वर्षापासून मांडी घालून तिने परक्यांचे आजे-पणजे लिहिले. एकदा तिने विचारलं होतं, यांच्यात मुली का नाहीत? वडील म्हणाले, "मुली सासरच्या उपाध्यायांच्या वहीत असतात." तिकडेही फारशा नसतात हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. लग्नच न झालेली मुलगी कुठल्या वहीत जाते, हे विचारायचं राहूनच गेलं.

सव्विसाव्या वर्षी तिला आजार झाला. पहिल्यांदा दोन आठवडे ती झोपलीच नाही. रामकुंडावर आलेल्या यजमानांना तिने वडिलांच्या आधी गाठून संकल्प सांगायला सुरुवात केली, तोही अस्खलित. लोकांना कौतुक वाटलं. घरच्यांना घाम फुटला. मग चार महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढे एका शहाण्या डॉक्टरने लिथियम दिलं आणि सहा महिन्यांत सुधा पुन्हा सुधा झाली. तेव्हापासून गोळी एक दिवस चुकली नाही. रक्त तपासायला त्या मुद्दाम नाशिकरोडच्या लॅबमध्ये जात, ऑफिसपासून दोन रिक्षा लांब. इंदिरानगरच्या त्यांच्या एका खोलीत गोळ्यांचा डबा शिवणाच्या पेटीत, दोऱ्यांखाली असे. एकट्या बाईच्या घरात पेटी उघडायला कोण येणार होतं? पण सवय.

गणपती उठल्यावरच्या सोमवारी सविताने सात कच्चे तक्ते टेबलावर टाकले. सुधाताई तिसऱ्यावर अडकल्या.

त्या तक्त्यात वरच्या पिढीत जुळे भाऊ होते. एका चौकोनाला दत्तकाचा कंस होता आणि शेजारी सविताचं बारीक अक्षर होतं: त्र्यंबकहून पंचवटीला दत्तक, वय सात. दुसरा जुळा त्र्यंबकलाच राहिला. तो काळा भरलेला. चाळिसाव्या वर्षी विहिरीत. असं घराणं नाशकात दोन असू शकत नाही. दत्तक गेलेला चौकोन म्हणजे त्यांचे वडील. विहिरीतला म्हणजे बाळकाका, ज्यांचं नाव घरात निघालं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. वडिलांखाली एक चौकोन होता, सुधाताईंचा धाकटा भाऊ मयुरेश. आणि त्याच्याखाली एक गोल, काळा भरलेला. वय पंचवीस.

स्वरदा. त्यांची भाची. तिला त्यांनी शेवटचं पाहिलं ते मयुरेशच्या खिशातल्या फोटोत, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि दात पडलेल्या जागी जीभ घालून हसत होती. मयुरेश वर्षातून एकदा यायचा, एकटाच, वीस मिनिटं बसायचा. पोरगी इंजिनियर झाली एवढंच त्याने सांगितलं होतं.

पोरीला हे झालं! मग त्यांनी तक्ता पुन्हा पाहिला, आणि या वेळी काय नाही ते दिसलं. मयुरेशच्या चौकोनाशेजारी काहीच नव्हतं. ना काळा गोल, ना पांढरा. वेणीमाधवांना एकच अपत्य.

त्या पाणी प्यायल्या. मग सविताला हाक मारली.

"सविता, या घरात मुली नाहीत का गं?"

"कुठलं? हां, ते पंचवटीवाले बाबा!" सविता हसली. "ताई, ते लय फाडफाड सांगत सुटले. पाठच होतं त्यांना. मी म्हनलं, बहिनी? तर म्हणे, आमच्या वहीत मुली लिहीत नाहीत. मी म्हनलं, बरं बाबा. बाहेर बारा मानसं बसलेली, किती खोदू?"

सुधाताईंना हसू आलं आणि हसू आलं म्हणून जरा बरंही वाटलं. खरंच की! वडिलांना एक बहीण होती, तीही तक्त्यात नव्हती. मयुरेशने आपली लहानपणी घोकलेली वही म्हणून दाखवली, चौकोनामागून चौकोन. उपाध्यायाच्या घरातला माणूस अशीच चूक करणार. त्यात आपल्याला वगळलं असं कशाला मानायचं? त्यांनी तसं मानलं नाही. निदान दुपारपर्यंत नाही.

दुपारी त्यांनी तक्त्यासोबतचा अर्ज वाचला. लिथियमला प्रतिसाद, घरात कुणी? उत्तर: कुणी औषध घेतलेलं नाही. खाली डॉक्टरांची टीप होती. वडिलांचा लिथियमला विरोध, किडनी जाईल ही भीती. दुसऱ्या औषधाचा विचार, पण मुलीचं लग्न ठरलेलं, पुढे मूल व्हायचं असेल तर त्या औषधाचा धोका मोठा. गुरुवारी निर्णय.

म्हणजे त्या पोरीला कुठलं औषध द्यायचं हे ठरवताना जी एक गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडली असती, ती या टेबलापाशी बसून चहा पीत होती. आणि तिला बोलायची मुभा नव्हती. तक्त्यावरून माणूस ओळखू आला तरी ओळखायचं नाही, हा तिथला नियम. संमतीपत्राचं मराठी सुधाताईंनीच केलं होतं: 'तुमची माहिती तुमच्या नातेवाइकांनाही कळणार नाही.' या एका वाक्यावर लोक सही करायचे. मयुरेशनेही त्याच वाक्यावर केली असणार. त्याला फोन करून 'मला कळलंय' म्हणायची सोय नव्हती. एकच दार उघडं होतं, ते विभागप्रमुख डॉ. निकिता पिंगळे यांच्या खोलीचं. पण त्या दारातून जायचं तर तिसरी गोष्ट सांगावी लागणार होती.

मंगळवार गेला. सुधाताईंनी चार तक्ते पक्के केले आणि त्यातले दोन चुकले. त्या स्वतःशी भांडत होत्या. निकिता मॅडम चांगल्या आहेत, काढून टाकणार नाहीत. पण उद्यापासून आपण आवाज जरा चढवला की त्या चष्म्यावरून बघतील. रजा मागितली की काळजीने देतील. सविता डबा घेऊन शेजारी येऊन बसेल, दयेने. नऊ वर्षं टेबलाच्या या बाजूला काढली, आता त्या बाजूला? त्यांना स्वतःची लाजही वाटली. सहाशे घरांना त्यांनी पत्रकातून सांगितलं होतं, की हा आजार साखरेसारखा, रक्तदाबासारखा, लपवू नका.

बुधवारी त्यांनी डबा उघडलाच नाही. निकिता मॅडमच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"मॅडम, पंचवटीचा तक्ता अपुरा आहे. मुलीच्या वडिलांना मोठी बहीण आहे. आजारी. म्हणजे बरी. लिथियमवर एकतीस वर्षं." आणि मग, श्वास घेऊन, "मी."

निकिता पिंगळे मखमलाबादच्या, भाजीच्या मळ्यात वाढलेल्या, वयाने अडतीस. सुधाताईंनी डोळे मिटून घेतले. आता ती मऊ आवाजातली सहानुभूती येणार.

"क्रिएटिनिन किती आहे तुमचं?" मॅडमनी किडनीच्या तपासणीतला आकडा विचारला.

सुधाताईंनी पिशवीतून फाइल काढली. एकतीस वर्षांचे रिपोर्ट, तारीखवार लावलेले. मॅडम ते अधाशासारखे वाचत सुटल्या. "एकदाही ॲडमिट नाही? एकदाही? थायरॉइडची गोळी सोडली तर काही नाही? सुधाताई, असा प्रतिसाद मी पुस्तकात वाचलाय फक्त!" त्यांचा चेहरा असा उजळला की सुधाताई बघतच राहिल्या. त्यांच्या आजारावर कुणी खूश झालेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांना रडू आलं, आणि ते आवरायची त्यांनी तसदी घेतली नाही.

ठरलं असं, की उद्या तक्ता मॅडम स्वतः पुन्हा विचारतील. आत्या, बहिणी, सगळ्या बायका. सुधाताईंचं नाव निघणार नाही. सांगायचं ते घरच्यांनीच सांगायचं.

"सांगतील," सुधाताई म्हणाल्या. "नीट विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही."

गुरुवारी अकराला त्या नमुन्यांच्या खोलीत जाऊन बसल्या, दार ओढून. व्हरांड्यात मयुरेशचं खाकरणं ऐकू आलं, अगदी वडिलांसारखं. मग एका मुलीचा आवाज आला, "पप्पा, लिफ्ट इकडे नाही, तिकडे." स्पष्ट, जरा थकलेला आवाज. दाराची फट बोटभर वाढवली असती तर भाची दिसली असती. सुधाताई फ्रीजचं तापमान वहीत लिहीत राहिल्या. सकाळी लिहिलं होतं तरी पुन्हा लिहिलं.

पाऊण तासाने मॅडम आल्या. हातात तक्ता होता आणि त्या बसल्या नाहीत.

"लिथियम सुरू करतोय," त्या म्हणाल्या. "वडील तयार झाले. विचारल्यावर म्हणाले, हो, मोठी बहीण होती. असाच आजार. या गोळीनं तिला एकदम छान वाटायचं, पूर्वीसारखी झाली होती. स्वतःच आठवून आठवून सांगत होते."

"बघा," सुधाताई म्हणाल्या.

"मी म्हटलं, त्यांना भेटता येईल का? रक्ताचा नमुना मिळाला तर..." मॅडमनी तक्ता टेबलावर ठेवला. "मुलगी शेजारी बसली होती. तिला ऐकून धक्का बसला होता, आत्या होती म्हणून. तिच्याकडे बघून ते म्हणाले, ती नाही आता. वारली."

मयुरेशच्या चौकोनाशेजारी मॅडमनी पेन्सिलीने एक गोल काढला होता, काळा भरलेला. त्यापुढे जाणं त्यांना जमलं नव्हतं. गेलेल्या माणसाच्या खुणेवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारतात, आणि ती मारलेली नव्हती.

सुधाताईंनी तक्ता आपल्यासमोर घेतला. मग त्यांनी विचारलं, "वय?"

"काय?"

"मृत्यूच्या वेळचं वय लागतं अर्जात. तुम्ही विचारलं असेल."

"सुधाताई, राहू दे ना."

"विचारलं असेल तुम्ही."

"एकोणतीस," मॅडम म्हणाल्या.

एकोणतिसाव्या वर्षी सुधाने पंचवटीचं घर सोडलं होतं. मयुरेशला स्थळं येत होती आणि पाहायला आलेली माणसं आत-बाहेर करणाऱ्या मोठ्या बहिणीकडे बघायची. कुणी जा म्हटलं नाही. वडील वही वाचत बसायचे, आई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. तिनेच एके सकाळी ट्रंक भरली. ट्रंक रिक्षात चढवताना मयुरेशची बोटं कडीत चेमटली, तो हात झटकत हसला आणि ती रस्ताभर त्याच्या बोटांची काळजी करत बसली. लग्नाला ती गेली नाही. मुलीकडच्यांना काय सांगितलं होतं, ते तिने विचारलं नाही. ते आज कळलं.

"हे खोटं आहे हे मला माहितीये," निकिता मॅडम म्हणाल्या. "माझ्या अभ्यासात मी खोटी रेघ कशी जाऊ देऊ?"

"घरच्यांनी सांगितलं ते लिहायचं. सविताला मीच शिकवलंय." सुधाताईंनी पट्टी ओढली. "बाजूला 'पडताळणी बाकी' लिहा हवं तर. आणि माझं रक्त घ्या, वेगळ्या नंबरावर. ते खोटं बोलायचं नाही."

त्यांनी रेघ मारली. पट्टी असूनही ती मध्ये जरा हलली. खाली वय लिहिलं, एकोणतीस, आपल्या सुंदर अक्षरात. औषधाच्या रकान्यात लिहिलं: लिथियम, उत्तम प्रतिसाद. मग त्या हात धुऊन आल्या आणि डबा खाल्ला. त्या दिवशी सविता खरंच शेजारी येऊन बसली, पण ती मेथीची भाजी मागायला.

राग आला का? आला. घरी जाताना रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून त्या इतक्या भांडल्या की तोच म्हणाला, मावशी, राहू द्या. राग दोन दिवस टिकला. मग पोरगी गोळी घेत असेल, तिला सुरुवातीला मळमळत असेल, कुणी सांगितलं असेल का की जेवणानंतर घे, हे डोक्यात सुरू झालं आणि रागाला जागा उरली नाही. उरला तो एकटेपणा, पण तो नेहमीचा नव्हता. आजवर त्या एकट्या होत्या तरी कुणाच्या तरी बहीण होत्या. आता संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की त्यांना वाटे, हे कुणासाठी चाललंय? फोन हातात घ्यायच्या आणि ठेवायच्या. नियम होता. नियम नसता तरी काय म्हणणार होत्या?

दिवाळी आली. भाऊबीजेला मयुरेश आला, दरवर्षीसारखा, अकरा वाजता, चिवड्याचा पुडा घेऊन. वाळलेला दिसला. पाटावर बसला. सुधाताईंनी कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. ओवाळताना बहीण भावाला आयुष्य मागते. त्यांनीही मागितलं, मनापासून. बहिणीचं आयुष्य मागायची रीत नाही.

"घरी सगळे बरे?"

"बरे."

त्याने करंजी मोडली, खाल्ली नाही. पंख्याकडे बघितलं. इतर वर्षी आतापर्यंत तो घड्याळ बघायला लागायचा.

"ताई, ती तुझी गोळी..." तो म्हणाला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. "अजून घेतेस?"

"घेते."

"नाही, त्याने म्हणे किडनी वगैरे..."

कशासाठी विचारतोस, हे सुधाताईंच्या अगदी ओठावर आलं. तेवढं विचारलं असतं तर तो कोसळला असता, हे त्यांना समोर दिसत होतं. कदाचित सगळं सांगितलंही असतं. त्यांनी ते गिळलं आणि पत्रक वाचावं तशा शांत आवाजात सांगू लागल्या. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं. जेवणातलं मीठ एकाएकी कमी करायचं नाही, उपासाला तर मुळीच नाही. अंगदुखीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. उलट्या-जुलाब झाले तर लगेच फोन करायचा. लग्न, मूल, सगळं होतं, फक्त आधी डॉक्टरशी बोलून ठरवायचं. आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही, कधीच नाही.

मयुरेशने फोन काढला होता आणि एका अंगठ्याने तो सगळं टिपून घेत होता. कशाला टिपतोय हे त्याने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

"म्हणजे," तो फोनमधून डोळे न काढता म्हणाला, "ही घेऊन माणूस नीट जगतो? पुष्कळ वर्षं?"

"जगतो रे," सुधाताई म्हणाल्या. "अठ्ठावन्न पूर्ण झाली मला."

त्याचा अंगठा थांबला. खाली कुणाचं तरी पोर टिकल्या वाजवत होतं. मग मयुरेशने तेही लिहून घेतलं.